शनिवारी जंगल, रविवारी वारा

शुक्रवार, रात्री

उद्यापासून डिस्क गोल्फची टूर्नामेंट आहे (फ्रिस्बीसारखी डिस्क फेकत कमीत कमी थ्रोंत बास्केटमध्ये घालायची, तो खेळ) आणि आदल्या दिवशी सराव करून करून हात दुखवून घ्यायचा नाही हे मी ठरवूनच टाकलंय, त्यामुळे आज नुसता मजेचा राउंड झाला. स्कोअर कोणी लिहिला नाही, नाही आवडला तो थ्रो परत मारला, आणि शेवटी शेवटी तर एका होलच्या टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, भलत्याच होलच्या बास्केटवर खेळत सुटलो, सफारी म्हणतात तसं. असे राउंड मला मनापासून महत्त्वाचे वाटतात. नवीन लाइन, म्हणजे डिस्कची हवेतली वाट, सापडते ती अशाच दिवशी, कारण थ्रो वाया गेला तरी कोणाचं काही जात नाही.

आज आमच्यात एक अगदी नवी मुलगी होती. तिला लांब जाणारा ड्रायव्हरच हवा होता पण मी पटर (जवळच्या थ्रोची डिस्क) आणि एक मिडरेंज (मधल्या अंतराची) एवढंच हातात दिलं. नव्या माणसाला ड्रायव्हर द्यायचाच नाही ह्या मताची मी आहे. त्याची कड रुंद आणि धारदार असते, तो हवेत सरळ राहायला हाताला चांगलाच वेग लागतो, आणि तेवढा वेग नसला की डिस्क निघाल्या निघाल्या डावीकडे वळून जमिनीवर येते (म्हणजे उजव्या हाताने बॅकहँड मारला तर), आणि माणसाला वाटतं आपल्याला हे जमणारच नाही. पटर हळू फेकला तरी सरळ जातो. मधेच एका होलला तिच्या हातून तो असा काही छान सुटला ना, शेवटपर्यंत जराही न डगमगता, की बाकीच्यांचं बोलणं थांबलं.

तिने विचारलं, बास्केटला ह्या साखळ्या कशाला, नुसता खांब का नाही? मला हा प्रश्न फार आवडला. तिला सांगितलं की आधी नुसता खांबच होता. एड हेडरिक म्हणून एक गृहस्थ, वॅम-ओ कंपनीत फ्रिस्बीवर काम केलेले, त्यांच्यामुळे 1975 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमचा कोर्स उभा राहिला तो खांबांवरच. पण डिस्क खांबाला लागली की नुसती घासून गेली हे लांबून कोण ठरवणार? त्यातून ही साखळ्यांची बास्केट आली. डिस्क साखळ्यांत शिरते, तिचा वेग तिथेच मरतो आणि ती खाली जाळीत पडते, वादच नको. पुढे 1976 मध्ये पीडीजीए ही खेळाडूंची संघटनाही त्यांनीच सुरू केली. 2002 मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या अस्थींची राख मिसळून डिस्क बनवल्या गेल्या. हे ऐकल्यावर ती थोडा वेळ हातातल्या पटरकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, हो, बरोबरच आहे. मलाही ते बरोबरच वाटतं.

बॅग भरून ठेवलीय. झोपते.

शनिवार, रात्री उशिरा

आजचा राउंड सगळा जंगलात. मला जंगल आवडतं हे मी आधीही लिहिलंय पण का आवडतं ते आज जास्त नीट कळलं असं वाटतंय. झाडं असली की ठरवायचं काम अर्धं झालेलं असतं. टीवर उभं राहिलं की दिसतं, ही फट आहे, ह्यातूनच जायचंय, फांद्यांचं छत एवढं खाली आहे म्हणजे उंच मारता येणार नाही, आणि पुढे डावीकडे वळण आहे म्हणजे डिस्क शेवटी डावीकडे झुकणारी हवी. झालं. डिस्क निवडली, कोन ठरवला, मारा.

म्हणजे सोपं असतं असं नाही हां. साधा हिशोब बघा, हातातून सुटताना दिशा एका अंशाने चुकली तर 30 मीटरवर डिस्क अर्धा मीटर बाजूला असते. 30 मीटरवर जर 3 मीटरची फट असेल तर दोन्ही बाजूंना मिळून साधारण सहाच अंशांची मोकळीक, त्यातून डिस्कची स्वतःची 21 सेंटिमीटर रुंदी वजा करायची. म्हणून जंगलात मी ड्रायव्हर बाहेरच काढत नाही फारसा. मिडरेंज किंवा पटर, तोही सत्तर टक्के जोराने, कारण जोर वाढला की सुटण्याची वेळ चुकते आणि मग ते पहिलंच झाड, टीपासून दहा पावलांवरचं, ज्याला लागलं की डिस्क कुठेही उडते. पुढचं झाड लागलं तर अंतर तरी मिळालेलं असतं. पहिलं झाड लागलं की पार (म्हणजे त्या होलला ठरवून दिलेले थ्रो) हातचा गेलाच समजायचं.

आज एका होलला असंच झालं, माझी डिस्क एका खोडाला निसटती लागून फेअरवेच्या (होलच्या मोकळ्या वाटेच्या) उजवीकडे दाट झुडपात गेली. कार्डवर, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या आमच्या गटात, एक वयस्कर काका होते, सगळ्यात आधी तेच शोधायला धावले. शोधायला तीनच मिनिटं मिळतात, त्यानंतर डिस्क हरवलेली धरून एक थ्रो दंड आणि परत मागच्या जागेवरून फेकायचं. खाली वाळक्या पानांचा खच, आणि लाल किंवा केशरी डिस्क पानांत अशी मिसळून जाते की पायाखाली असली तरी दिसत नाही. माझी गडद गुलाबी होती म्हणून काकांना दिसली. (गुलाबी आणि निळ्या डिस्कच घ्या, जंगलात खेळत असाल तर. अगदी कळकळीने सांगतेय.)

आता ती पडली होती कुठे, तर एका झुडपाच्या आत, आणि समोर कमरेएवढ्या उंचीवर आडवी फांदी. फांदी मोडायची नाही, बाजूला बांधून ठेवायची नाही, आणि उभं राहायचं तर झाड कमीत कमी हलेल असंच, हा नियम. डिस्कच्या जागेची खूण म्हणून ठेवलेल्या मार्करच्या मागे 20 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर लांब एवढीच जागा, त्यात शरीराचा निदान एक भाग टेकलेला हवा. मी डावा गुडघा त्यात टेकवला, उजवा पाय लांब बाजूला काढला, ओल्या मातीचा गारवा पँटमधून गुडघ्याला लागला, आणि पटर फोरहँडच्या पकडीत धरून फांदीच्या खालून, जमिनीपासून जेमतेम हातभर उंचीवरून सोडला. खांदा वापरायला जागाच नव्हती, नुसतं मनगट. तो फेअरवेवर येऊन बास्केटपासून नऊ-दहा मीटरवर सरकत थांबला. मग पुट, म्हणजे बास्केटमध्ये घालायचा जवळचा थ्रो. बास्केटपासून 10 मीटरच्या आत असलं की डिस्क सोडल्यावर पुढे पडायचं नाही, तोल सावरलाय हे दिसल्यावरच पाऊल पुढे टाकायचं, म्हणून मी पाय घट्ट रोवून मारला आणि लागला. पार वाचला. बर्डीपेक्षा (पारपेक्षा एक थ्रो कमी) असा वाचवलेला पार मला जास्त आवडतो, त्यात डोकं, अंग, सगळंच लागतं.

राउंड संपल्यावर सगळ्यांनी बसून स्कोअर ताडून बघितले, कारण स्कोअरकार्ड चुकीचं गेलं तर 2 थ्रोंचा दंड बसतो. लोकांना ते कंटाळवाणं वाटतं पण मला ती दहा मिनिटं आवडतात, प्रत्येक होल परत एकदा मोठ्याने सांगितलं जातं.

रविवार, रात्री

आज उघड्या माळावरचा कोर्स. झाडं अशी फारच थोडी, गवत, चढउतार, ओबीच्या, म्हणजे हद्द दाखवणाऱ्या, दोऱ्या टाकलेल्या, आणि सकाळपासून वारा. सगळे म्हणतात जंगल कठीण आणि मैदान सोपं, हाताला जोर असला की झालं. मला हे अजिबात पटत नाही. जंगलात लाइन झाडं आखून देतात. मैदानात समोर सगळं आकाश मोकळं असतं, कुठूनही मारा म्हणतं, आणि नेमकं कुठून हे आपल्यालाच मनात आखावं लागतं. वर ती आखलेली लाइन वारा जागेवर राहू देत नाही.

वाऱ्याचं मी जेवढं समजून घेतलंय ते लिहून ठेवते, पुढच्या वेळी मलाच उपयोगी पडेल. वारा समोरून असला की डिस्कला तो जास्त वेगाने फेकल्यासारखाच लागतो, त्यामुळे सरळ जाणारी डिस्क उजवीकडे उलटायला बघते आणि वर चढते. अशा वेळी जड आणि जास्त स्टेबल (सहज न उलटणारी) डिस्क, नाक खाली, थ्रो बुटका. वारा मागून असला की उलटं, डिस्कखाली हवाच कमी सापडते, ती लवकर खाली बसते आणि डावीकडे जास्त झुकते, म्हणून थोडी हलकी, जास्त तरंगणारी डिस्क आणि उंच सोडायची. 2016 मध्ये नेवाडाच्या वाळवंटात डेव्हिड विगिन्स ज्युनियरने 338 मीटरचा विक्रम केला तोही मागच्या वाऱ्याला धरूनच. आडवा वारा सगळ्यात फसवा. हायझर (एक कड खाली झुकवून सोडलेला थ्रो) मारला की डिस्कची पाठ डावीकडे कललेली असते. डावीकडून वारा आला तर तो पाठीवर बसून तिला खाली दाबतो, उजवीकडून आला तर पोटाखाली शिरून उचलतो आणि कितीतरी डावीकडे नेऊन सोडतो. एकच हायझर, एकच जोर, आणि पडायच्या जागेत वीस-वीस मीटरचा फरक.

हे नुसतं माहीत असून भागत नाही. टीवर उभं राहिल्यावर मी गवताची चिमूट सोडून बघते, पण ती फक्त आपल्याजवळचा वारा सांगते. डिस्क वर जाते तिथला वेगळाच असू शकतो. म्हणून बास्केटच्या वरचा झेंडा किंवा लांबच्या झाडाचा शेंडा बघायचा.

एका होलची बास्केट उंचवट्यावर होती आणि मागे उतार थेट ओबीच्या दोरीपर्यंत. कार्डवरच्या एकीचा पुट साधारण आठ मीटरवरून, वारा बरोबर तोंडावर. तिने नेहमीसारखाच हलका, तरंगता सोडला आणि वाऱ्याने तो उचलला, बास्केटच्या वरून नेला, मागे कडेवर पडला आणि चाकासारखा घरंगळत घरंगळत दोरीच्या पलीकडे. आम्ही सगळे नुसते बघत उभे. एक थ्रो दंड आणि परत लांबून. त्यानंतर काकांची पाळी, जवळपास तेवढंच अंतर, आणि त्यांनी पुट मारलाच नाही, डिस्क सपाट धरून बास्केटच्या पायाशी नेऊन ठेवली आणि जाऊन आत टाकली. मीही तेच केलं. वारा, उतार आणि दोरी तिन्ही एकत्र असताना आठ मीटरवरून पुट मारायचा नाही, हा माझा नियम मी आजपासून लिहूनच ठेवतेय. आत गेला तर एक वाचतो, नाही गेला तर दोन-तीन जातात.

राउंड संपल्यावर पुट दोरीपलीकडे गेलेल्या त्या मुलीला वाईट वाटत होतं तेव्हा काका तिला म्हणाले, अगं पुट चांगलाच सुटला होता, जरा बुटका आणि जास्त फिरकी देऊन मार वाऱ्यात. मग तिथेच तिला करून दाखवलं, मनगट शेवटी कसं झटकायचं ते. टूर्नामेंटमध्ये लोक एकमेकांचे प्रतिस्पर्धी असतात आणि तरी हे असं शिकवतात. मला ह्या खेळातली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

परतताना जेम्स कॉनरॅडचा तो थ्रो आठवत होता. 2021 ची वर्ल्ड चँपियनशिप, युटामधलं ऑगडेन, शेवटचं होल, पॉल मॅकबेथ एका थ्रोने पुढे, आणि कॉनरॅड बास्केटपासून 247 फुटांवर म्हणजे साधारण 75 मीटरवर. बरोबरी करायची तर तिथून आत घालण्याशिवाय काही उरलंच नव्हतं. त्याने पटर काढला आणि घातला, आणि मग प्लेऑफही जिंकला. सगळे त्याला चमत्कार म्हणतात, पण मला त्या थ्रोमध्ये एक लख्ख आखलेली लाइन दिसते. मोकळ्या जागेत, जिथे हजार वाटा होत्या, तिथे त्याने एक पक्की केली आणि हात आखडता घेतला नाही.

सोमवार, संध्याकाळी

माझा नंबर मधेच कुठेतरी आला आणि त्याचं काही वाटत नाहीये. जंगलातला स्कोअर मैदानापेक्षा बराच चांगला होता, अपेक्षित होतं. आज डिस्क धुतल्या, एकीच्या कडेवर झाडाच्या सालीचा हिरवा डाग बसलाय तो जात नाहीये, राहू दे.

बॅगेत एक बदल करायचाय. समोरच्या वाऱ्यासाठी 175 ग्रॅमच्या जवळपासचा एक जास्त स्टेबल मिडरेंज हवा, माझा आत्ताचा झिजून झिजून फार सरळ जायला लागलाय. जंगलासाठी तो सोन्यासारखा आहे, तो काढणार नाही, त्याच्या जोडीला दुसरा. आणि सराव असा की मोकळ्या मैदानात वारा असेल त्याच दिवशी जायचं, सगळ्या डिस्क आधी वाऱ्याच्या तोंडावर फेकायच्या, चालत जाऊन गोळा करायच्या आणि तिथूनच पाठीवर वारा घेऊन परत फेकायच्या, दोन्ही वेळा कुठली कुठे पडली ते वहीत लिहायचं. बुधवारी वारा असणार असं दाखवतायत.