आधी काय दळलं?

गिरणीवाल्याला दिवसातून पन्नास वेळा एकच प्रश्न विचारतात: "आधी काय दळलं?" उत्तरही ठरलेलं. समोरच्या डब्यात जे धान्य असेल ते. ज्वारीवाली आली की "ज्वारीच हो ताई", बाजरीवाली आली की "बाजरीच". हे मला वडिलांनी शिकवलं नाही, गल्ल्याशेजारी बसून ऐकून ऐकून आलं. याला मी कधी खोटं बोलणं समजलो नाही. गिऱ्हाइकाचं समाधान, बस.

बाहेरच्यांना एक गोष्ट ठाऊक नसते. डबे नंबरानं लागतात, पण दळले जातात रंगानं. नाचणीच्या मागून गहू टाकला तर चपातीला काळपट झाक येते आणि संध्याकाळी बाई डबा घेऊन दारात. हरभऱ्याच्या डाळीमागून टाकला तर वास येतो, मग तिची सासूही बरोबर. म्हणून सकाळी गहू, तो सगळ्यात जास्त. गव्हावर ज्वारी, मग बाजरी, नाचणी शेवटी, डाळ दुपारी. गव्हामागून ज्वारी गेली तर कुणाच्या बापाला कळत नाही. भाकरी उलट चांगली थापली जाते, कडा फाटत नाहीत. "तुमच्याकडची ज्वारी चिकट येते हो," अशी शाबासकी मी कित्येक वर्षं घेत आलोय. ती माझ्या टाकीची, असं मी धरून चाललो होतो.

टाकी म्हणजे दगडाच्या खाचा. कुरुंदाच्या दगडावर छिन्नीनं पाडलेल्या. पंधरा-वीस दिवसांत त्या झिजतात, दगड गुळगुळीत होतो, मग दाणा कापला न जाता नुसता चिरडतो आणि पीठ भाजल्यासारखं गरम पडतं. आमच्या भागातल्या निम्म्या गिरण्यांत दगड गुळगुळीत झाले तरी मोटर दामटतात. मी स्वतः टाकी लावतो, दुसऱ्याला हात लावू देत नाही. एवढा अभिमान मला आहे, आणि तो लपवत नाही.

तर, ग्लुटेन. गहू-जवातलं, कणकेला चिकटपणा देणारं प्रथिन. हा शब्द माझ्या दारात चारेक वर्षांपूर्वी आला, पहाटे टेकडीवर जाणाऱ्या मंडळींबरोबर. "आम्ही ग्लुटेन सोडलंय." कुणाच्या ट्रेनरनं सांगितलेलं, कुणी मोबाइलवर बघितलेलं. ज्वारीचा डबा माझ्याकडं ठेवायचा आणि पीठ होईपर्यंत शेजारच्या बेकरीत खारी आणि चहा. एक बाई खपली गहू घेऊन यायच्या, "खपलीत ग्लुटेन नसतं." खपली म्हणजे गहूच की! जुनं वाण आहे, चव वेगळी, पण जात गव्हाचीच आणि ग्लुटेन त्यातही आहेच. त्या गेल्या की मी आणि माझ्याकडचा पोरगा हसायचो. डब्यावर तो खडूनं 'ग्लु.' लिहायचा, म्हणजे नाटकवाला डबा.

अशीच एक ताई पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या डब्यावरही 'ग्लु.' पडलं. साधी बाई, नवऱ्याचा टेम्पो आहे, महिन्याला पाच-सहा किलो मालदांडी ज्वारी. दर वेळी विचारायची, "दादा, आधी काय दळलं?" आणि मी दर वेळी सांगायचो, "ज्वारीच." एकदा तिनं जरा जोर देऊन विचारलं, "गहू नव्हता ना?" मी म्हटलं, "असला तरी चिमूटभर. त्यानं काय होतंय?" आठ महिने हे चाललं.

गेल्या आषाढीच्या आदल्या दिवशी गिरणीत पाय ठेवायला जागा नव्हती. वरई, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा, सगळे उपवासाचे डबे. उपवासाच्या दळणात आमच्याकडं हयगय नाही. वडिलांपासूनची रीत आहे: मोटर बंद करायची, झाकण उघडायचं, दगड मागं घ्यायचा, खाचा ब्रशनं झाडायच्या, पीठ पडतं ती कापडी नळी बदलायची, मग मूठ-दोन मूठ वरई फिरवून ते पीठ गाईच्या घमेल्यात टाकायचं. आज्या तिथं उभ्या राहून बघतात. गव्हाचा एक कण उपवासाच्या पिठात गेला तर पाप त्यांना की मला, हे अजून ठरलेलं नाही, पण जोखीम कुणी घेत नाही.

मी झाडत होतो आणि ती ताई रांगेत येऊन उभी राहिली. पोरगी बरोबर होती. नऊ वर्षांची म्हणाली, मला सहाची वाटली. दगडाच्या मागून, झाकणाच्या कोपऱ्यातून पीठ खाली परातीत पडत होतं, तांबूस, लोकवनचं.

"हे काय आहे, दादा?"

"सकाळच्या गव्हाचं. आत राहतंच की थोडं."

"माझ्या डब्याच्या आधी काढता हे?"

खरं तर तेव्हाही जीभ सवयीनं वळली होती. पण परात समोर होती आणि चार आज्या बघत होत्या. मी काहीच बोललो नाही. ती रागावली नाही. परातीकडं बघत राहिली, मग पोरीला म्हणाली, "चल, बाहेर उभी राहा, इथं उडतंय." तिचा डबा तिनं उचलून कडेला घेतला. रांगेतल्या एका आजींनी विचारलं, "काय गं, कडक उपवास का?" ती म्हणाली, "रोजचाच आहे आजी, हिचा."

दुपारी गर्दी ओसरल्यावर ती परत आली तेव्हा सगळं कळलं. पोरीची दोन वर्षं उंची वाढेना, पोट फुगलेलं, रक्त कमी. लोहाचं औषध चालू, जंताचं औषध दोनदा. शेवटी कुणीतरी टीटीजी नावाची रक्ताची तपासणी सांगितली, मग दुर्बिणीनं आतड्याचा तुकडा काढून बघितला. सीलिअ‍ॅक. मी म्हटलं, गव्हाची अ‍ॅलर्जी? नाही म्हणाली. ग्लुटेन पोटात गेलं की शरीर आपल्याच आतड्यावर उठतं. आतड्याला आतून मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, अन्न त्यांनी शोषलं जातं. हिचे झिजून गेले. "डॉक्टरांनी फोटो दाखवला दादा. आतून गुळगुळीत झालंय."

गुळगुळीत म्हटल्यावर मला काही विचारावं लागलं नाही. टाकी गेलेला दगड. वरून कितीही धान्य ओता.

त्यांनी गहू, जव, रवा, मैदा, शेवया घरातून काढले होते. आहारतज्ज्ञानं छापील यादी दिलेली, त्यात पास्ता होता, पिझ्झा होता, नूडल्स होते. मेतकूट नव्हतं. पोरगी आजारी पडली की घरात मऊ भात आणि मेतकूट, आणि आजी करते त्या मेतकुटात डाळींबरोबर मूठभर गहू असतो. ते चार महिन्यांनी सापडलं. मग हिंग. बाजारातल्या बऱ्याच हिंगांत खडा सुटा करायला मैदा घालतात, म्हणजे रोजची फोडणीच गव्हाची. हिंग बदलला. टीटीजी सुरुवातीला शंभराच्या वर होतं, साठाच्या आसपास येऊन अडकलं. डॉक्टर म्हणाले, अजून कुठून तरी जातंय, शोधा. या यादी करणाऱ्यांपैकी एकानंही पीठ कुठं दळता असं विचारलं नव्हतं. पाकिटातलं पीठ घ्यायचं तर साध्याच्या चौपट भाव.

त्या रात्री मी परातीतलं पीठ काट्यावर टाकलं. एकशे ऐंशी ग्रॅम. 'ग्लुटेन-फ्री' लिहायचं तर आपल्याकडच्या नियमानं किलोमागं 20 मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन हवं. गव्हाच्या पिठात ढोबळ मानानं दहावा हिस्सा ग्लुटेन धरला तर किलोमागं 200 मिलिग्रॅम पीठ, म्हणजे अर्धी चिमूट. तिच्या पाच किलोला सगळं मिळून एक ग्रॅम. माझ्या दगडात एकशे ऐंशी. सगळं काही तिच्याच डब्यात जात नसेल. दहावा भाग गेला म्हणू. तरी अठरा पट. हिशेब तीन वेळा केला, कारण पहिल्यांदा मला दशांश चुकला असं वाटलं.

झोप लागेना म्हणून मोबाइलवर वाचत बसलो. विलेम डिके नावाचे डच बालरोगतज्ज्ञ होते. गव्हाचा संशय त्यांना आधीपासून होता. 1944-45 च्या हिवाळ्यात, महायुद्धात, नेदरलँड्समध्ये पाव मिळेना, माणसं भुकेनं मेली, आणि त्यांच्याकडची ही आजारी मुलं मात्र सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा खालावली. पीठ संपलं आणि पोरं बरी झाली, हे गिरणीवाल्यानं रात्री दोन वाजता वाचण्यासारखं नाही.

सकाळी मी तिला फोन करून सांगितलं, माझ्याकडं दळू नका, घरघंटी घ्या. भाड्याच्या दोन खोल्या, त्यात ते पंधरा-वीस हजारांचं कपाट कुठं ठेवू, म्हणाली. रास्त होतं. मग मीच जुनी घरघंटी घेतली आणि मागच्या खोलीत लावली. वेगळं दार, वेगळा झाडू, वेगळ्या नळ्या. तिथं फक्त ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ. आत जाताना मी शर्ट बदलतो, हात कोपरापर्यंत धुतो. पोरगा म्हणतो सोवळं नेसा आता. 'ग्लुटेन-फ्री' अशी पाटी मात्र लावलेली नाही. भिंतीपलीकडं गहू उडतोय, आणि मी काही प्रयोगशाळा नाही.

आता यातली गंमत सांगतो. त्या ताईच्या पाच किलोवर ती घरघंटी चालली नसती. ती चालते टेकडीवाल्यांवर. किलोमागं तीन रुपये जास्त देतात आणि चार लोकांना सांगतात. ज्यांना मी हसत होतो त्यांच्या पैशावर माझं सोवळं उभं आहे.

त्यांच्यातल्या एका काकांना मी सगळ्यात जास्त हसायचो. गहू सोडल्यापासून पोट हलकं, झोप शांत. मी म्हणायचो, काका, तुम्ही गव्हाबरोबर बेकरी सोडलीत, रात्री अकराचं जेवण सोडलंत, आणि श्रेय ग्लुटेनला. त्यांना या पोरीची हकीकत सांगितली तेव्हा ते डॉक्टरकडं गेले. डॉक्टर म्हणाले, तपासणी करायची तर आधी काही आठवडे रोज गहू खा, सोडलेल्या माणसाच्या रक्तात ते दिसेलच असं नाही. त्या ताईच्या मोठ्या मुलाचंही हेच झालेलं, घरातल्यांना तपासायचं तर त्याला आधी पुन्हा चपाती सुरू करावी लागली. काका म्हणाले, परत ते पोट नको. तपासणी राहिली. म्हणजे काकांना खरंच आहे का नुसतं वाटतंय, हे आता त्यांनाही कळणार नाही आणि मलाही. हसणं तेवढं बंद झालंय.

गेल्या महिन्यात त्या खपलीवाल्या बाई आल्या. "हे मागच्या मशीनवर टाका."

"तिथं गहू चालत नाही."

"अहो, खपली आहे."

"खपली गहूच आहे ताई."

"पण मी ग्लुटेन-फ्रीच खाते!" रांग हसली, त्या चिडल्या. "इतकं काय सोवळं? चिमूटभर गेलं तर काय होतंय?"

पोरगा माझ्याकडं बघायला लागला. मी डबा त्यांच्या हातात परत दिला आणि पुढचा नंबर घेतला. त्या आता चौकातल्या गिरणीत जातात.

ती ताई अजून येते. आता 'आधी काय दळलं' असं विचारत नाही, स्टूल ओढून मागच्या दारात बसते आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघते. डॉक्टर म्हणे सांगत होते, काही मुलांमध्ये टीटीजी खाली यायला वर्षाच्या वरही लागतं, सगळं गिरणीमुळंच असेल असं नाही. हे तिनं मला आपणहून सांगितलं, बहुधा माझ्यासाठी. मध्यंतरी एकदा म्हणाली, "दादा, हल्ली भाकरी जरा फाटते हो कडेला." म्हटलं, पाणी चांगलं उकळून उकड घ्या.

दिवाळीनंतर पोरीची पुन्हा तपासणी होती. रिपोर्ट एव्हाना आला असेल. तिनं विषय काढलेला नाही आणि मी विचारलेलं नाही.