नमुना नंबर 7 भरला अन् टेलला पाणी आलं (माझा अनुभव)

2024 च्या सप्टेंबरात पैठणच्या जायकवाडी धरणाचे दरवाजे उघडल्याचे व्हिडिओ आले अन् आमच्या गावात लोक लगेच गव्हाच्या बियाण्याचं बोलायला लागले. आमचं गाव परभणी जिल्ह्यात, डाव्या कालव्यावर, कालवा 208 किलोमीटरचा अन् त्यातही आमचं शेत चारीच्या, म्हणजे कालव्यातून शेतांकडं येणाऱ्या छोट्या पाटाच्या, पार टेलला, शेवटच्या टोकाला. नाथषष्ठीला पैठणला गेलो की मी धरण बघून येतो. 27 दरवाजांचा भाग सोडला तर जवळपास 10 किलोमीटर नुसती मातीची भिंत, लांबून टेकडीच वाटते. तिथं पाणी 1522 फुटाला टेकलं, म्हणजे धरण भरलं, की आम्ही इथं खुश. पण ते पाणी रानात यायला नमुना नंबर 7 चा अर्ज लागतो हे मला वडील गेल्यावरच कळलं, तोवर सगळं तेच बघायचे.

फॉर्म साधाच आहे. गट नंबर, क्षेत्र, पीक, सोबत सातबारा. अडलं थकबाकीत. पाटबंधारे ऑफिसच्या रजिस्टरला वडिलांच्या नावावर जुनी पाणीपट्टी दिसत होती अन् थकबाकी असली की अर्ज पुढं सरकत नाही. म्हणलं साहेब, भरलीय की. तर म्हणे पावती आणा. दोन चकरा झाल्या, मग आईनं पत्र्याची पेटी काढली, त्यात लग्नपत्रिका, खताची बिलं अन् तळाशी घडीवर फाटत आलेली ती पावती. झेरॉक्स जोडली, मंजुरी मिळाली. तुमच्याकडं असली कुठली पावती असेल तर आजच फोटो काढून ठेवा.

आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटल्याची बातमी आली तेव्हा मला वाटलं उद्या-परवा पाणी. चारीवर पाणीवाटप बघणारे पाटकरी मामा हसले, म्हणले, "आधी चारी तर बघून ये." बघितली तर शेवटच्या दोनशे मीटरात येड्या बाभळी अन् गुडघाभर गाळ. नियम टेलकडून हेडकडं, म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडं, पाणी द्यायचा, पण वरच्यांच्या मोटारी चारीतच पडलेल्या असतात, कोण कोणाला बोलणार. आम्ही चौघांनी पैसे काढून जेसीबी लावला. इकडं गहू विहिरीच्या ओलीवर कसाबसा उगवलेला, 21 दिवस होऊन गेलेले, पहिलं पाणी हुकलं की फुटवे (बुडातून फुटणाऱ्या नव्या काड्या) गेलेच समजायचं.

शेवटी रात्री अडीचला मामांचा फोन, "आलं रे, दारं धर." बॅटरी घेऊन पाणी रानात वळवायला पळालो. पाण्याच्या तोंडाला फेस, काटक्या, गुटख्याच्या पुड्या, एक खेकडा, अन् मागून ते गढूळ पाणी हळूहळू सरकत येतंय. एका ठिकाणी बांध फुटला, तर मातीनं भरलेली खताची पोती टाकून मीच त्यावर उभा राहिलो.

सकाळी आठला पाणी तुटलं. दीड एकर भिजला, अर्धा पुढच्या पाळीला भिजला, पण तोवर तिथला गहू पिवळा पडला होता.