रताळी अपडेट: अर्धं पान हिरवं झालं!

मंडळी, आमच्या रताळ्याच्या वेलांची पानं पिवळी पडतायत ती लोह कमी पडून की मॅग्नेशियम, हा वाद मिटला. लोहच. मॅग्नेशियम असतं तर खालची जुनी पानं आधी पिवळी पडली असती. इथं शेंडेच पिवळे आणि शिरा तेवढ्या हिरव्या. तरी खात्री म्हणून लिटरला ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचं खत), चिमूटभर लिंबूसत्व असं पाणी केलं आणि एका पानाच्या अर्ध्याच भागावर ब्रशनं लावलं. लावलेला भाग हिरवा, उरलेला तसाच! घरभर पान दाखवत फिरलो. आईनं फक्त लिंबूसत्वाची डबी कुठं गेली ते विचारलं.

पण फवारणीनं दुखणं जात नाही. जुन्या पानातलं लोह नव्या पानाला मिळत नाही, म्हणून पुढचं पान पुन्हा पिवळं. मातीत लोह नाही असं नाही. आमची काळी माती चुनखडीची, व्हिनेगर ओतलं की फसफसते, सामू (पीएच) ८ च्या वर. लोह आहे, पण मुळांच्या हाती लागत नाही.

दुकानात चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनानं धरून ठेवलेलं लोह) मागितलं की त्यातल्या ईडीटीए प्रकाराची पुडी पुढं करतात. फवारायला ठीक, असल्या मातीत ओतून पैसे पाण्यात. हवा तो ईडीडीएचए प्रकार, चुनखडीच्या मातीतही टिकणारा, पाण्यात लालभडक होणारा. महाग आहे. आणि युरिया कुणी सुचवू नका! पिवळं दिसलं की युरिया ही आपली उसाची सवय. रताळ्याला नत्र जास्त झालं की वेल माजतात आणि खाली कंद नाही.

पुढचा बेत मातीचा सामू उतरवायला गंधक घालायचा होता. पण गंधकाचं आम्ल जिवाणू करणार, त्याला महिने लागणार, आणि एवढ्या चुनखडीत ते जिरूनच जाणार.

थांबा. हे लिहिताना वाफ्याचे फोटो चाळतोय. पिवळे वेल सगळे खालच्या टोकाला, जिथं पावसाचं पाणी तुंबतं. वरच्या टोकाचे हिरवेगार! चुनखडीच्या मातीत ओल साचून हवा कोंडली की बायकार्बोनेट वाढतं आणि लोह आणखी अडतं. मग गंधक राहू दे. उघडीप मिळाली की खाली चर काढतो, वरंबे उंच करतो, ईडीडीएचए तेवढ्याच टोकाला.

बाकी गजेंद्र जातीच्या सुरणानं झकास छत्री उघडलीय. हळदीला पालाश द्यायचंय.

कोल्हापुरात लक्ष्मीपुरी-शाहूपुरीत ईडीडीएचएची छोटी पुडी कुठं मिळते का? नसेल तर किलोचा डबा वाटून घेऊ, कोण कोण आहे बोला.