झाडू, कुकरची शिट्टी आणि सुपारी

मे

सुपारी ही अंदाजे तीन वर्षांची, काबऱ्या रंगाची गावठी मांजरी. ठाण्यातील आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये ती वाढली. तिची नसबंदी आधीच झालेली होती, हे तिच्या एका कानाच्या कापलेल्या टोकावरून कळले; नसबंदी केलेल्या भटक्या मांजराला अशी खूण करतात. मागच्या पायाला जखम झाली म्हणून तिला वर आणले आणि उपचार संपल्यावर तिला इथेच ठेवायचे ठरले. मांजराच्या पिलाला माणसाची सवय सर्वांत सहज लागते ती साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात, आणि सुपारीचा तो काळ केव्हाच मागे पडला होता. त्यामुळे तिने मांडीवर येऊन बसावे असे उद्दिष्ट मी ठेवलेच नाही. घरातील रोजचे व्यवहार चालू असताना तिला निवांत खाता यावे, अंग सैल सोडून झोपता यावे, एवढेच ठरवले. त्यासाठी एकच नियम केला: तिच्यात आणि आमच्यात किती अंतर असावे, हे ती ठरवील.

सुरुवातीला तिला आतली लहान खोली दिली. लोखंडी कपाटामागची फट आणि दिवाणाखालची पोकळी बंद केली, कारण तिथे शिरलेल्या मांजराला ओढून काढण्याखेरीज मार्ग उरत नाही आणि ओढून काढले की मिळवलेला विश्वास संपतो. त्याऐवजी दोन तोंडे पाडलेला पुठ्ठ्याचा खोका ठेवला आणि कपाटाच्या माथ्यावर जुनी चादर घालून, स्टूल व शेल्फ यांची चढण करून वरची जागा दिली. नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये एका निवारागृहात पाहिले होते की लपायला खोका मिळालेली मांजरे न मिळालेल्यांपेक्षा लवकर सावरतात. हा उपाय जवळपास फुकट आहे, तरी अनेक घरांत तो सर्वांत शेवटी सुचतो. लिटर ट्रे (शी-शूसाठीचा ट्रे) आणि जेवण खोलीच्या दोन टोकांना ठेवले. चादर मात्र धुतली नाही, कारण तिच्यावर सुपारीचा स्वतःचा वास होता आणि अनोळखी घरात तेवढीच एक ओळखीची वस्तू होती.

जून

खोलीत जाऊन मी तिच्याकडे पाठ किंवा कूस करून बसते आणि हळू आवाजात वाचते. नजरेला नजर मिळालीच तर सावकाश डोळे मिटून उघडते. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात, असे डोळे मिचकावणाऱ्या अनोळखी माणसाजवळ मांजरे अधिक सहज आल्याचे दिसले होते. सुपारी जवळ आली नाही, पण तिनेही डोळे मिटले आणि पुढचे पाय अंगाखाली दुमडून घेतले. चटकन पळता येणार नाही अशा रीतीने बसणे ही तिच्या परीने मोठी गोष्ट होती.

ती जेवते की नाही याकडे या काळात सर्वाधिक लक्ष दिले. भीतीपोटी मांजर काही दिवस उपाशी राहिले तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकते, म्हणून पूर्ण दिवसभर तिने काहीही खाल्ले नाही तर डॉक्टरांना फोन करायचा, हे आधीच ठरवून ठेवले होते.

जुलै-ऑगस्ट

या दोन महिन्यांचे मुख्य काम म्हणजे झाडू. केर काढायला येणाऱ्या मावशींच्या हातात झाडू दिसला की सुपारीचे पोट जमिनीला टेके, कान मागे चिकटत, बुबुळे काळीभोर होत आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत ती जेवणाला तोंड लावत नसे. पार्किंगमधून मांजरांना झाडू उगारून हाकलतात, तेव्हा या भीतीचे मूळ तिथेच असावे असा माझा अंदाज आहे.

झाडूची भीती मी चार भागांत मोडली: वस्तू, आवाज, हालचाल आणि हातात झाडू घेतलेले माणूस. आधी झाडू नुसता हॉलच्या दूरच्या कोपऱ्यात आडवा ठेवला, तिच्या दारातून जेमतेम दिसेल असा. तो दिसला की उकडलेल्या चिकनचे तंतू मिळत, आणि झाडू उचलला की चिकनही बंद होई. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी चिकन दाखवून मागाहून झाडू आणला, तर मांजर चिकनकडेच संशयाने पाहू लागते. तिने खाल्ले नाही, किंवा हिसकावून घेऊन पळाली, तर अंतर कमी पडते आहे असे समजून झाडू पुन्हा दूर नेत असे. ती मान वर करून झाडूकडे पाही आणि परत शांतपणे चावू लागे, तेव्हाच तो फरशीच्या एका चौकोनाने पुढे सरके. त्यानंतर झाडू न दाखवता शेजारच्या खोलीत फरशीवर त्याची खरखर, मग जागच्या जागी हलवणे, आणि हे सगळे पचल्यावर मावशी.

यात मावशींनी सुचवलेली गोष्ट मला सुचली नव्हती. त्या केर स्वयंपाकघरापासून काढू लागल्या, म्हणजे आवाज दुरून जवळ येतो आणि सुपारीला कपाटावर चढायला सवड मिळते. शिवाय तिच्या खोलीत त्या केर तिच्या दिशेने न ढकलता तिच्यापासून दाराकडे ओढतात. “ताई, आज ती जागची हलली नाही हो,” असे त्यांनी मला स्वयंपाकघरात येऊन सांगितले. तेव्हा सुपारी खोक्याच्या तोंडाशी बसलेली होती, शेपूट अंगाभोवती गुंडाळलेली, कान पुढे.

कुकरच्या शिट्टीला हीच पद्धत लावताना अडचण आली. फोनवर ध्वनिमुद्रित शिट्टी हळू आवाजात ऐकवली तर ती मुळीच दचकत नसे, पण खऱ्या शिट्टीला उडी मारून पळे. माणसाला साधारण २० किलोहर्ट्‌झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, तर मांजराला ६० च्याही पलीकडचे. वाफेच्या फुत्कारात ते अतिशय उंच स्वरही असतात आणि फोनच्या स्पीकरमधून ते बाहेर पडत नाहीत. म्हणून खरा कुकरच वापरला, फक्त मधली दोन दारे लावून. पुढे एक दार उघडे ठेवले. दोन्ही उघडी ठेवण्याइतकी तयारी अजून झालेली नाही.

गौरी-गणपती

आमच्याकडे गौरी असतात, त्यामुळे माणसांची वर्दळ, टाळ, घंटा आणि धुपाचा धूर हे सारे ओघाने आले. सुपारीच्या खोलीचे दार बंद ठेवले आणि “मांजर कुठे आहे, बघू तरी” म्हणणाऱ्या प्रत्येकाला आईने नम्रपणे पण ठाम नकार दिला. घरात चिकन शिजणार नव्हते. मात्र मांजराला मांसाहार सोडवता येत नाही, हे आईला मान्य होते. म्हणून खाऊची तयार पाकिटे आणून ठेवली होती.

आरतीच्या वेळी सुपारी कपाटावर गेली, आणि तिने जावेच, त्यासाठीच ती जागा आहे. मी मोजते ते तिचे घाबरणे नव्हे, तर सावरायला लागणारा वेळ. पहिल्या आरतीनंतर ती रात्री सारे निजल्यावरच उतरली. गौरी विसर्जनाच्या दिवशी मात्र टाळ थांबल्यावर थोड्याच वेळात वाटीशी आली, आणि परतताना दाराच्या चौकटीला गाल घासून गेली. गालाजवळच्या ग्रंथींचा गंध लावून मांजर जागेवर आपली खूण ठेवते, आणि तिने या घरात केलेली ही पहिली खूण होती.

दिवाळीची तयारी

फटाक्यांचा आवाज टप्प्याटप्प्याने वाढवणे माझ्या हातात नाही, त्यामुळे झाडूची पद्धत इथे अपुरी पडेल. खिडक्या नसलेल्या आतल्या बोळात तिचा खोका आतापासूनच ठेवला आहे आणि रोजचे एक जेवण तिथे देते. त्या रात्री जागा नवी नसावी, हा हेतू. कॅरियर, म्हणजे मांजराला बाहेर नेण्याची पेटी, वरचे झाकण काढून त्याच बोळात उघडा असतो आणि परवापासून ती त्यात झोपू लागली आहे. गरज पडल्यास शांत करणारे औषध द्यावे का, हे डॉक्टर तिला तपासून ठरवतील. माणसांची औषधे मांजराला कदापि देऊ नयेत; पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा प्राणघातक ठरू शकते. गॅलरीच्या जाळीचे दोन कोपरे सैल झाले आहेत, ते या रविवारी आवळायचे आहेत.