मोज्यांची आतली बाजू

नाशकात डिसेंबर लागला की सकाळी फरशीवर अनवाणी पाय ठेवण्याची सोय राहत नाही. त्यात पेपरात निफाडचा पारा छापून आलेला असतो, तो वाचून आणखीच हुडहुडी भरते. सासूबाईंना मधुमेह आहे. रबरी चपला त्यांना जड होतात आणि विकतच्या मोज्यांचं इलॅस्टिक घोट्यावर वळ उठवतं. म्हणून त्यांच्यासाठी लोकरीचे बूट करायला घेतले, तोच नणंदेचा फोन आला. भाचीला सातवा लागला होता. “वहिनी, बाळंतविड्यातले मोजे-टोपडं तुमच्याकडे बरं का.” नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

लोकर निवडतानाच निम्मं काम होतं असं माझं मत आहे. शुद्ध लोकर ऊबदार खरी, पण तिच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी आणि चोळणं, दोन्ही मिळाले की ते एकमेकांत अडकतात आणि मोजा आटून घट्ट होतो. बाळाचे मोजे तर धुणं-वाळवणं यातच दिवस काढतात. ॲक्रिलिक आटत नाही, पण त्यावर गोळे धरतात आणि पायाला घाम सुटतो. मी मिश्र लोकर घेतली, चार पदरी. बाळाच्या जोडीला पंचवीसेक ग्रॅम पुरते. मोठ्यांच्या बुटांना दुहेरी धागा लागतो, म्हणून त्यासाठी शंभर ग्रॅमचा गोळा. लांब केसाळ लोकर दुकानात हाताला फार गोड लागते, पण तिचे केस सुटून बाळाच्या नाकातोंडात जातात. ती परत ठेवली.

बाळाचे मोजे दोन सुयांवर. आपल्याकडच्या जुन्या सुयांचे नंबर उलटे चालतात, नंबर वाढला की सुई बारीक. १० नंबरची सुई ३.२५ मिलिमीटरची, १२ नंबरची २.७५ ची. मी १० नंबर घेतली. ३६ टाके घालून आधी घोट्याची पट्टी, एक सुलट एक उलट. मग नाडी ओवायला जाळीची ओळ: दोन टाके एकत्र विणायचे, लगेच सुईवर धागा घ्यायचा, म्हणजे भोक पडतं आणि टाक्यांची संख्याही तेवढीच राहते. त्यानंतर फक्त मधले १२ टाके पुढेमागे १८ ओळी विणले. ही पावलावरची जीभ. तिच्या दोन्ही कडांवरून नऊ-नऊ टाके उचलले की एकूण ५४ होतात, आणि सपाट तुकड्याला एकदम बुटाचा आकार येतो. विणकामातला हा टप्पा मला सगळ्यात आवडतो. पुढे दहाएक ओळी नुसत्या सुलट, मग टाचेकडे आणि बोटांकडे टाके कमी करत तळवा मिटवायचा. तळवा साधारण नऊ सेंटिमीटर भरला. पहिल्या तीन महिन्यांना तेवढा पुरतो.

नणंदेला त्यावर हत्ती हवे होते. दोन रंगांचं नक्षीकाम सुरेख दिसतं, पण जो रंग त्या टाक्याला नको असतो त्याचा धागा आतून मोकळा लोंबत जातो. बाळाची बोटं त्यात अडकतात. सुटा धागा, अगदी एखादा केससुद्धा, बोटाभोवती आवळला गेला तर रक्तपुरवठा थांबतो. बाळ रडतं, घरातले पोट दुखतंय म्हणून ओवा शेकत बसतात आणि कारण मोज्याच्या आत असतं. त्यामुळे हत्ती रद्द. गोंडे नाहीत, बटणं नाहीत. नाडी क्रोशाच्या साखळीची, आखूड, आणि मागच्या बाजूला दोन टाके घालून पक्की केलेली, म्हणजे ओढली तरी निघणार नाही. तळव्याची शिवणही कडा एकावर एक न ठेवता समोरासमोर भिडवून घातली. मग मोजा उलटा करून आतून बोट फिरवलं. बोटाला काही लागलं असतं तर तेवढा भाग उसवला असता.

सासूबाईंच्या पायांनाही हाच नियम, पण कारण वेगळं. मधुमेहात तळव्यांची संवेदना कमी होते. आतली गाठ टोचली तरी कळत नाही, आणि फोड आल्यावरच ध्यानात येतं. पायांवर संध्याकाळी थोडी सूज असते म्हणून माप संध्याकाळी घेतलं. वर्तमानपत्रावर पाय ठेवून पेन्सिल फिरवली, लांबी २३ सेंटिमीटर आली. बूट २२ चा केला, कारण विणलेला कपडा ताणतो आणि मापाबरहुकूम केलेला बूट चार दिवसांत फडफडायला लागतो.

हे क्रोशावर केले, ५ मिलिमीटरची सुई. बोटांकडून सुरुवात. वर्तुळात सहा मुके खांब (क्रोशाचा सगळ्यात बुटका टाका), पुढे दर फेरीला सहा वाढवत ३० पर्यंत, मग न वाढवता बोटं झाकेपर्यंत गोल. त्यानंतर वरचे आठ टाके सोडून उरलेल्यांवर पुढेमागे टाचेपर्यंत. टाच जोडताना शिवण मी बाहेर घेतली.

“अगं, उलटे घातल्यासारखे दिसतात गं,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, शिवण आत घेतली तर टाचेला घासेल. वरून लाल कड फिरवते, मग नाही दिसणार.”

“लाल नको. मरून आहे का?”

मरून होती.

खरी कटकट तळाची निघाली. आमच्या नव्या खोल्यांत गुळगुळीत टाइल्स आहेत आणि त्यावर लोकर साबणासारखी सरकते. बाळाचं ठीक आहे, ते चालणार नसतं. सत्तरी उलटलेल्या माणसाच्या पायात असं काही द्यायचंच नाही, भले कितीही ऊबदार असो. बाजारात रबराचे ठिपके देणारा रंग मिळतो, तो एका तुकड्यावर लावून पाहिला. धुतल्यावर ठिपके कडेने सुटायला लागले. शेवटी कोपऱ्यावर चपला दुरुस्त करणाऱ्या काकांकडे वर्तमानपत्रातलं पाऊल नेलं. त्यांनी मऊ चामड्याचे दोन तळ कापले आणि कडेने आरीने सारख्या अंतरावर भोकं पाडून दिली. चामड्याची खरखरीत बाजू खाली ठेवली, भोकांतून क्रोशाने धागा ओढून घेत एक फेरी विणली आणि तिलाच बूट जोडला. जोड बाहेरच राहिला, आत काही नाही. सासूबाईंना ते घालून मी आधी हात धरून स्वयंपाकघरापर्यंत नेलं, मग हात सोडला.

चामडं भिजलं की कडक होतं, म्हणून आता वरचा भाग ओल्या फडक्याने पुसते आणि सावलीत वाळवते. धुता येतील असे हवे तर तळ सुटा ठेवावा लागेल. काकांना विचारलं, तर म्हणाले, “करून देतो की ताई, पण मजुरी अख्ख्या चपलेची घेईन.”