सरासरीत न दिसणारा आवाज

रहिवासी भागातल्या एका क्रीडा क्लबचा मद्य परवाना नूतनीकरणाला आला. शेजाऱ्यांनी लेखी हरकत घेतली आणि परवाना देणाऱ्या कार्यालयाने आवाज मोजायला मला पाठवलं. अशा प्रकरणांत बहुतेकदा संगीतच दोषी निघतं. स्पीकरची तोंडं फिरवायची, आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारं यंत्र बसवायचं, की विषय मिटतो. इथे तो मिटला नाही, म्हणून लिहितोय.

क्लबच्या सेक्रेटरींनी हिशेबाची वहीच पुढ्यात ठेवली. "वर्गणीत मैदानाची निगासुद्धा भागत नाही हो. बारच्या शिलकीवर मुलांचं प्रशिक्षण चालतं. उद्या बार बंद झाला तर आधी तेच बंद पडेल." वही खरी होती. हरकत घेणाऱ्या ताई क्लबच्या मागच्या घरात राहतात. त्या नर्स आहेत आणि पहाटे ड्यूटीला निघतात. त्यांनी मोबाइल अ‍ॅपवरचे आकडे लिहून ठेवले होते. ते मी पुरावा म्हणून धरत नाही, कारण फोनचा माइक प्रमाणित केलेला नसतो. पण प्रत्येक आकड्यापुढे त्यांनी वेळ टिपली होती, आणि त्यातल्या बहुतेक वेळा बार बंद झाल्यानंतरच्या होत्या. क्लबच्या खुलाशात याबद्दल एक ओळही नव्हती.

रात्री त्यांच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीबाहेर तिवई लावली. मीटर आधी 94 डेसिबलच्या कॅलिब्रेटरवर तपासून घेतला, माइकवर वाऱ्यासाठी स्पंजचा गोळा चढवला आणि स्वतः बाजूला झालो, कारण माणूस माइकजवळ उभा राहिला तरी रीडिंग बदलतं. संगीताच्या ठेक्यावर माझं खास लक्ष होतं. नेहमीच्या 'ए' मापनात, म्हणजे माणसाच्या कानाला जसं ऐकू येतं तसं मोजण्याच्या पद्धतीत, 63 हर्ट्‌झचा घुमणारा आवाज 26 डेसिबलने कमी धरला जातो. भिंत थरथरत असते आणि कागदावर सगळं आलबेल दिसतं. म्हणून मी खालच्या स्वरांच्या पट्ट्या वेगळ्या नोंदवतो. पण क्लबने दारं-खिडक्या खरोखरच बंद ठेवल्या होत्या. ठेका जेमतेम जाणवत होता.

मग बार वेळेवर बंद झाला. थोड्या वेळाने मागच्या दाराने एक मुलगा क्रेट घेऊन आला आणि रिकाम्या बाटल्या एकदम पिंपात ओतल्या. मीटर 75 वर गेला. त्यामागोमाग लोखंडी फाटक आपटलं, गाड्यांची दारं लागली आणि फाटकाबाहेर निरोपाच्या गप्पा रंगल्या. कुणी धिंगाणा घालत नव्हतं. खेळून, दोन घोट घेऊन खुशीत घरी निघालेली माणसं होती ती. आत ताईंच्या खोलीतला दिवा लागला.

परवान्यातली अट ताशी सरासरीची आहे: रात्री 45 डेसिबल. आता हिशेब बघा. तासभर 40 डेसिबलची शांतता आहे आणि त्यात 75 डेसिबलचा एकच सेकंदभराचा दणका बसला, तर तासाची सरासरी (ती डेसिबलच्या आकड्यांची नाही, आवाजाच्या ऊर्जेची काढतात) होते सुमारे 43. म्हणजे अट पाळली गेली आणि माणूस मात्र दचकून जागा झाला! जागतिक आरोग्य संघटनेने 1999 च्या मार्गदर्शिकेत झोपायच्या खोलीबाहेर रात्रीच्या सरासरीसाठी 45 आणि क्षणिक आवाजासाठी 60 अशा दोन वेगळ्या मर्यादा सुचवल्या आहेत. आमच्या फॉर्ममध्ये दुसऱ्या मर्यादेचा रकानाच नाही. इतक्या वर्षांत तो कुणाला घालावासा वाटला नाही, याचा मला राग येतो.

सुनावणीत क्लबच्या वकिलांनी माझ्या अहवालातला सरासरीचा आकडा तेवढा वाचून दाखवला. क्षणाक्षणाच्या आवाजाचा आलेख मला स्वतः उठून दाखवावा लागला. सेक्रेटरी तो बराच वेळ बघत होते. मग वकिलांना थांबवून म्हणाले, "बाटल्या सकाळी टाकू. त्यात आमचं काय जातं?" फाटकाला रबरी ठोकळे बसवायलाही ते तिथेच तयार झाले. दोन्ही बाजू पहिल्याच आठवड्यात समोरासमोर बसल्या असत्या, तर हरकतीची फाइल एवढी फुगलीच नसती.

गप्पांचं मात्र अडलं. सभासदांनी पुढच्या बाजूने बाहेर पडावं आणि बंद होण्याच्या वेळी क्लबचा एक माणूस मागच्या फाटकावर उभा असावा, असं मी सुचवलं होतं. पहिली सूचना मान्य झाली, दुसरी अधिकाऱ्यांनी खोडली. रस्ता क्लबच्या ताब्यात नाही, तिथल्या वागण्याची अट परवान्यात घालता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. ताईंनी विचारलं, "ती माणसं तुमच्या दारातूनच बाहेर येतात ना? मग रस्त्यावर आल्यावर ती कुणाची?" अधिकाऱ्यांनी पुढची फाइल मागवली.

कायद्याच्या भाषेत अधिकारी बरोबर असतीलही. मला ते पटलेलं नाही. फॉर्ममध्ये क्षणिक कमाल पातळीचा रकाना घालावा, असा अर्ज मी त्या रात्रीचा आलेख जोडून दिला आहे. सेक्रेटरींनी त्यावर क्लबतर्फे सही केली, ताईंनीही केली. कार्यालयाकडून अजून उत्तर आलेलं नाही.