मासे आणायच्या आदल्या रात्री धुतलेला स्पंज

माशांच्या टाकीतल्या फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं मात्र लक्षात ठेवा.

माझी ६० लिटरची टाकी पाच आठवडे नुसत्या पाण्यावर चालली. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी येणारा जाणारा विचारायचा, "मासे कुठायत?" आई सांगायची, "मासे न्हाईत, आणि ह्यो रोज पाण्याला औषध पाजतोय." औषध म्हणजे अमोनियम क्लोराईड, पाण्यात अमोनिया देणारा क्षार. मासे असते तर अमोनिया त्यांच्यापासूनच आला असता; नव्हते म्हणून फिल्टरमधले जिवाणू वाढवायला मी घालत होतो. हे जिवाणू अमोनियाचं नायट्राईट करतात आणि नायट्राईटचं नायट्रेट. पहिली दोन माशांना विष, तिसरं त्या मानानं सौम्य. शेवटी लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया घातला, तर २४ तासांत अमोनिया शून्य आणि नायट्राईटही शून्य. टाकी तयार झाली होती.

मासे ठरवायला दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "स्पंज नळाखाली चांगला पिळून घ्या, मगच मासे न्या. घाणीत मासा टिकत नाही." त्याचा रोजचा धंदा, त्याला कळत असणार असं वाटलं. घरी येऊन मोरीत स्पंज धरला आणि पाणी नितळ येईपर्यंत पिळला. पाच आठवड्यांचा तपकिरी गाळ बघता बघता वाहून गेला.

तेव्हा जुलै चालू होता. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकत होती, नळाला गढूळ पाणी येत होतं आणि बादली भरतानाच क्लोरीनचा वास नाकात जात होता. क्लोरीन घालतात तेच मुळी जिवाणू मारायला. आणि ज्याला मी घाण समजलो, त्या गाळातच माझे जिवाणू होते.

मन मानेना म्हणून मासे आणण्याआधी पुन्हा २४ तासांची चाचणी केली. नळीत टाकीचं पाणी घेऊन नायट्राईट तपासायच्या किटमधले ५ थेंब टाकले, ५ मिनिटं थांबलो. आकाशी राहायला हवा तो रंग तळापासून जांभळा होत गेला, म्हणजे नायट्राईट उरलं होतं. दुसऱ्या दिवशी जांभळा, तिसऱ्या दिवशीही जांभळाच. अमोनियाचा डोस निम्मा केला, हीटर २८ अंशांवर नेला, कारण पावसाळी गारठ्यात हे जिवाणू मंदावतात. मुलगी शाळेतून आली की दप्तर खांद्यावर ठेवूनच नळी बघायला यायची. असे ११ दिवस गेले. त्या दुकानदाराचा राग मला अजून येतो. त्याचं ऐकून, चाचणी न करता मासे सोडले असते तर ते तडफडून मेले असते आणि मुलीनं ते बघितलं असतं.

स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतलंच पाणी बादलीत काढा आणि त्यात दोनदा हलका दाबा, बस्स. लाईट गेली तर बॅटरीवरचा एअर पंप लगेच लावा. या जिवाणूंनाही प्राणवायू लागतो.

बाराव्या दिवशी नळी आकाशी राहिली. नायट्रेट मात्र भरपूर साठलं होतं, म्हणून पाऊण टाकी पाणी बदललं. नवं पाणी आधी बादलीत घेऊन क्लोरीन मारायचं औषध घालायचं, हाताला टाकीइतकंच कोमट लागलं की मग ओतायचं. हो, आणि नायट्रेटच्या किटमधली दुसरी बाटली वापरण्याआधी अर्धा मिनिट जोरात हलवा. नाहीतर आकडा कमी दाखवते.

मासे दुसऱ्या दुकानातून आणले, पाच नर गप्पी. टाकीचा दिवा बंद ठेवून पिशवी २० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवली, थोडं थोडं टाकीचं पाणी आत घातलं आणि जाळीनं मासे सोडले. पिशवीतलं पाणी मोरीत ओतलं. त्या दिवशी खाऊ घातला नाही. सकाळी मुलीनं चिमूटभर टाकला, तर पाचही जण वर आले. मी तोवर नळी हातात घेऊन उभा होतो. आकाशी.